अन्नातील सोमल आणि 'मर्यादे'ची कल्पना

१

सोमल, हरताळ आणि मनशीळ ही तिन्ही नावे मराठी भाषेत जुनी आहेत. आर्सेनिक या मूलद्रव्याची ही तीन रूपे होत. सोमल म्हणजे त्याचे पांढरे ऑक्साइड. हरताळ व मनशीळ ही अनुक्रमे त्याची पिवळी व तांबडी गंधकयुक्त खनिजे. पोथी लिहिताना लेखनिकाच्या हातून चूक झाली, तर त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देऊन ती झाकून टाकण्याची पद्धत होती. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्या पद्धतीची आठवण आजही जतन करून आहे. (दुकाने बंद ठेवणे या अर्थाचा 'हरताळ' हा गुजरातीतून आलेला शब्द निराळा, त्याचा संबंध हाट आणि ताळे यांच्याशी आहे.) 'आर्सेनिक' हे युरोपीय नावही मुळात हरताळाचेच. सोन्याचा रंग दर्शविणारा इराणी भाषांतील 'झरनीख' हा शब्द सिरियाक भाषेच्या द्वारे ग्रीकात गेला आणि तेथे 'आर्सेनिकोन' झाला.

या द्रव्याशी मनुष्याचा परिचय असा रंग, औषध आणि विष या तीन नात्यांनी झाला. परंतु विष म्हटले की ते घालणाऱ्या मनुष्याचा विचार प्रथम मनात येतो. सोमल पांढरा, गंधहीन आणि जवळजवळ बेचव असल्यामुळे घातपाताशी त्याचे नाव जोडले गेले, आणि त्यासंबंधीचे पहिले कायदेही मारेकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून झाले. कोणाच्याही मनात हेतू नसताना रोजच्या अन्नातून हेच विष हजारोंच्या शरीरात जाऊ शकते, ही जाणीव फार उशिरा आली. ती कशी आली, तिच्यातून 'मर्यादे'ची कल्पना कशी जन्मली आणि त्या कल्पनेच्या कक्षेबाहेर कोण राहिले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

२

इ. स. १८३२ मध्ये इंग्लंडात जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा आरोप आला. रसायनज्ञ जेम्स मार्श याने सोमल ओळखून दाखविला. परंतु न्यायालयात नेईपर्यंत त्याचा पुरावा बिघडला आणि आरोपी सुटला. या अपयशाने अस्वस्थ होऊन मार्शने अधिक खात्रीची कसोटी शोधून काढली व १८३६ मध्ये ती प्रसिद्ध केली. संशयित पदार्थातील आर्सेनिकाचे वायूत रूपांतर करून तो वायू जाळला असता थंड काचेवर आरशासारखा काळसर डाग उमटतो, हे तिचे तत्त्व. पुढे १८४१ मध्ये राइन्श याची तांब्याच्या पत्र्याची सोपी कसोटी आली. या दोन्ही कसोट्या प्रामुख्याने न्यायवैद्यकाच्या कामी आल्या. अन्नातील विष शोधण्याचे सामर्थ्य त्यांच्यात होते. परंतु अन्न तपासून पाहावे, असे कोणास सुचण्याचे कारण अद्याप घडले नव्हते.

१८५१ साली ब्रिटिश पार्लमेंटने सोमलाच्या विक्रीसंबंधी कायदा केला. विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवावी आणि किरकोळ विकावयाच्या सोमलात काजळी अथवा नीळ मिसळावी, अशी त्यातील मुख्य कलमे होती. पांढरे विष पांढऱ्या अन्नात लपू नये, हा रंग मिसळण्यामागील विचार. सात वर्षांनंतर ब्रॅडफर्ड येथे घडलेल्या प्रकाराने या विचाराचा अपुरेपणा उघड केला. त्या काळी साखर महाग असल्यामुळे मिठाईत स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याची चाल सर्रास होती; बहुधा ही भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस असे. १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये एका मिठाईवाल्याने ती आणण्यासाठी माणूस पाठविला. औषधविक्रेत्याच्या नवख्या मदतनिसाने चुकीच्या पिंपातून बारा पौंड सोमल मोजून दिला. तयार झालेल्या गोळ्यांचा रंग नेहमीपेक्षा वेगळा दिसला, तेव्हा बाजारात विकणाऱ्या दुकानदाराने त्या नाकारल्या नाहीत. भाव मात्र कमी करून घेतला. सुमारे वीस माणसे मरण पावली, त्यांत बरीचशी मुले होती, आणि दोनशेहून अधिक आजारी पडली.

या घटनेत खुनी कोणीच नव्हता. भेसळ ही व्यवहारातली रीत होती आणि चूक ही चूक होती. १८६० चा अन्नभेसळीचा कायदा व १८६८ चा औषधविक्रीसंबंधीचा कायदा यांच्या मागे ज्या घटनांचे दडपण होते, त्यांत ब्रॅडफर्डची गणना होते. तरीही येथे विषाची मात्रा इतकी मोठी होती की परिणाम काही तासांतच दिसला व कारणही तत्काळ सापडले. थोडथोडा, रोज आणि दिसणार नाही असा पोटात जाणारा सोमल हा याहून अगदी निराळा प्रश्न होता. तो चाळीस वर्षांनंतर मँचेस्टर येथे उभा राहिला.

३

१९०० सालच्या उत्तरार्धात मँचेस्टर, सॅलफर्ड व आसपासच्या औद्योगिक नगरांतील रुग्णालयांत एका विशिष्ट दुखण्याचे रोगी वाढू लागले. हातापायांना मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे, पाय लुळे पडणे, त्वचा काळवंडणे ही त्याची लक्षणे होती. रोगी बहुतेक मजूरवर्गातील व बिअर पिणारे होते. मद्यपानाने मज्जातंतूंचा दाह होतो हे वैद्यकास ठाऊक असल्यामुळे या दुखण्याला तयार नाव मिळाले : मद्यजन्य मज्जातंतुदाह. नाव मिळताच शोध थांबला, कारण त्या नावातच रोगाचे कारण सांगितलेले होते आणि ते कारण रोग्याचे स्वतःचे व्यसन हे होते.

मँचेस्टरच्या गरीबगृहाशी संलग्न असलेल्या रुग्णालयातील डॉक्टर अर्नेस्ट रेनॉल्ड्स यांना हे नाव पटेना. मद्यपी पूर्वीही होते. मग रोगी आत्ताच का वाढावेत? तीव्र दारू पिणाऱ्यांना हा विकार होत नाही आणि बिअर पिणाऱ्यांनाच होतो, हे कसे? याच सुमारास नागिणीचे रोगीही वाढल्याचे त्यांच्या ध्यानी आले. सोमलयुक्त औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांना नागीण उठते आणि त्यांची त्वचाही काळवंडते, हे वैद्यकात नमूद होते. या सुट्या निरीक्षणांची सांगड घालून रेनॉल्ड्स यांनी रोगी पीत असलेली बिअर मागवून तपासली आणि राइन्शच्या कसोटीवर तीत आर्सेनिक सापडले. १९०० च्या नोव्हेंबरमध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. सहा हजारांहून अधिक लोक बाधित झाले व निदान सत्तर मृत्यू या विषाने झाले, असा अंदाज पुढे करण्यात आला. ज्यांच्या आजाराची नोंद केवळ व्यसन म्हणून झाली, ते या संख्येत आलेच नसतील हे उघड आहे.

बिअरमध्ये सोमल आला कोठून, याचा शोध घेता एक लांबलचक साखळी उलगडली. १८८० पर्यंत ब्रिटनमध्ये माल्टवर कर होता. त्या वर्षी ग्लॅडस्टन यांनी तो काढून तयार बिअरवर कर बसविला आणि कारखानदारांस माल्टऐवजी साखर वापरण्याची मोकळीक मिळाली. स्वस्त साखर म्हणजे ग्लुकोज. ते पिष्टापासून सौम्य गंधकाम्लाच्या साहाय्याने बनत असे. गंधकाम्ल पूर्वी सिसिलीच्या शुद्ध गंधकापासून होई. परंतु १८३८ मध्ये तेथील राजाने गंधकाच्या व्यापाराचा मक्ता एका फ्रेंच मंडळीस दिला, किंमत चढली आणि इंग्रज कारखानदार पायराइट या लोहयुक्त खनिजाकडे वळले. पायराइटात आर्सेनिक असते. ते काढून टाकल्यावाचून गंधकाम्ल खाद्यपदार्थांच्या कामाचे नसते. लिव्हरपूलजवळील ग्लुकोजच्या कारखान्यास १९०० साली काही महिने असेच न शोधलेले अम्ल पुरविले गेले. हे अम्ल खाद्यासाठी वापरले जाते याची आपणास कल्पना नव्हती, असा पुरवठादाराचा बचाव होता.

या साखळीत खनिज खणणारा, अम्ल करणारा, ग्लुकोज करणारा, बिअर गाळणारा आणि विकणारा असे निदान पाच दुवे होते. प्रत्येकाने आपल्यापुरता व्यवहार केला. मालाच्या पुढील प्रवासाचे ज्ञान कोणासच नव्हते, अथवा ते ठेवण्याची जबाबदारी कोणावर नव्हती. ब्रॅडफर्डला एका मदतनिसाची चूक दाखविता आली. मँचेस्टरला असे एका माणसाकडे बोट दाखविणे कठीण होते. आधुनिक अन्नाचा प्रश्न आपल्या खऱ्या स्वरूपात येथे प्रथम दिसतो.

४

१९०१ साली लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली एक राजकीय आयोग नेमण्यात आला आणि १९०३ मध्ये त्याचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. आयोगाने आपले लक्ष केवळ दूषित ग्लुकोजवर ठेवले नाही. दगडी कोळसा अथवा कोक यांच्या धुरावर सुकविलेल्या माल्टमध्येही इंधनातील आर्सेनिक उतरते, असे त्यास आढळले. म्हणजे १९०० चा उद्रेक अपघाती असला, तरी सोमलाचा अल्प अंश बिअरमध्ये त्यापूर्वीही जात असला पाहिजे. या शोधाचे महत्त्व फार मोठे आहे. अपघात टाळता येतो. जे नित्याचे आहे त्याचे प्रमाण ठरवावे लागते.

ते प्रमाण आयोगाने ठरविले. द्रवपदार्थात गॅलनमागे एक शतांश ग्रेन आणि घन अन्नात पौंडामागे एक शतांश ग्रेन, याहून अधिक सोमल असल्यास विक्रेत्यास दंड व्हावा, अशी त्याची शिफारस होती. आजच्या परिमाणात सांगावयाचे तर लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम आणि किलोग्रॅममागे सुमारे १.४ मिलिग्रॅम. या आकड्यांचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. इतका सोमल रोज पोटात गेल्याने काहीही अपाय होत नाही, असे कोणी सिद्ध केलेले नव्हते. काळजीपूर्वक काम करणाऱ्या कारखानदारास जे सहज साधेल व रसायनज्ञास जे खात्रीने मोजता येईल, त्याच्याशी हा आकडा जुळणारा होता. मर्यादा ही निसर्गाने आखलेली रेषा नसून साध्यता, मापनशक्ती आणि लोकांचे आरोग्य यांच्यामधील तडजोड असते. 'मर्यादेच्या आत' याचा 'निर्धोक' असा अर्थ घेण्याची सवय पुढे जडली, ती मूळ कल्पनेत अभिप्रेत नव्हती.

तथापि या तडजोडीने एक गोष्ट निश्चितपणे साधली. आपणास माहीत नव्हते, हा बचाव संपला. माल कोठून येतो याची चौकशी करण्याचा भार खाणाऱ्यावरून उचलून विकणाऱ्यावर व बनविणाऱ्यावर ठेवला गेला.

एक शतांश ग्रेनचा हा आकडा पुढे समुद्रापार गेला. अमेरिकेत सफरचंदांवरील किडीसाठी शिसे व आर्सेनिक यांचा संयुक्त क्षार १८९० नंतरच्या दशकांत मोठ्या प्रमाणावर फवारला जाऊ लागला. १९२५ मध्ये लंडनला अमेरिकन सफरचंदांवर या क्षाराचे अवशेष आढळले आणि आयातबंदीची धमकी मिळाली. आपल्या नागरिकांच्या प्रकृतीपेक्षा निर्यातीच्या या भीतीने अमेरिकन अधिकारी अधिक हलले, असे दिसते. फळे सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाने धुण्याची पद्धत आली, आणि १९३२ पर्यंत तेथील मर्यादा पौंडामागे एक शतांश ग्रेनवर आणण्यात आली. ब्रिटनने १९५९ च्या नियमांनी सर्वसाधारण मर्यादा दशलक्षास एक भाग इतकी खाली आणली.

नियम असूनही जुनी साखळी पुन्हा कशी जुळते, याचे दारुण उदाहरण १९५५ साली पश्चिम जपानात घडले. एका कंपनीच्या तोकुशिमा येथील कारखान्यात बालकांसाठी दुधाची भुकटी होत असे. ती नीट विरघळावी म्हणून तीत फॉस्फेट घालीत. बॉक्साइटापासून अल्युमिना काढताना निघणारा दुय्यम माल या कामी वापरला गेला आणि त्यात आर्सेनिक होते. बारा हजारांहून अधिक अर्भकांना बाधा झाली, शंभराहून अधिक दगावली. वाचलेली मुले बरी झाली असे मानून प्रकरण मिटविण्यात आले. परंतु चौदा वर्षांनंतर, १९६९ मध्ये, घरोघर भेटी देऊन केलेल्या पाहणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि अनेकांच्या शरीरावर व बुद्धीवर झालेले परिणाम टिकून असल्याचे उघड झाले. मँचेस्टरचे पायराइट आणि तोकुशिमाचे बॉक्साइट यांत पंचावन्न वर्षांचे अंतर आहे. दोन्हींकडे एका उद्योगातील मळ दुसऱ्या उद्योगात कच्चा माल म्हणून आला, ही गोष्ट मात्र समान आहे.

५

आतापर्यंतच्या सर्व घटनांत विषाचा मार्ग कारखान्यातून जात होता आणि म्हणून जबाबदार धरता येईल असा कोणीतरी होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये जो प्रश्न समोर आला, त्यात तसा कोणी नाही.

गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या गाळात आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून असते. जमिनीच्या पोटात प्राणवायूचा अभाव झाला की ही ऑक्साइडे विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. तळी व नद्या यांच्या दूषित पाण्याने होणारे अतिसारासारखे रोग टळावेत म्हणून १९७० नंतर लक्षावधी नलिकाकूप खोदले गेले. हेतू उत्तम होता. त्या पाण्यात आर्सेनिक आहे काय, हे मात्र पाहिले गेले नव्हते. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेतील डॉ. के. सी. साहा यांनी त्वचेवर डाग पडलेल्या व तळवे कठीण झालेल्या खेडुतांच्या आजाराचे निदान केले. जाधवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून पुढे तीन दशके गावोगाव पाणी, केस व नखे तपासून त्याची व्याप्ती दाखवून दिली. बांगलादेशात १९९३ मध्ये हा दोष प्रथम आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तेथील साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. येथेही रोगाला आधी निराळे नाव मिळाले होते. अनेक गावांत हे डाग महारोगाचे समजले गेले. रोग्यांना, विशेषतः स्त्रियांना, त्याचा सामाजिक दंड भोगावा लागला. मँचेस्टरच्या मजुरास 'मद्यपी' म्हणून आणि बंगालच्या स्त्रीस 'महारोगी' म्हणून बाजूस सारले गेले, तोवर पाण्याकडे अथवा पेयाकडे कोणाची दृष्टी वळली नाही.

पिण्याच्या पाण्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९६३ मध्ये लिटरमागे ०.०५ आणि १९९३ मध्ये ०.०१ मिलिग्रॅम अशी उतरत आणली. परंतु हेच पाणी उन्हाळी भाताला, म्हणजे बंगालच्या 'बोरो' पिकाला, दिले जाते. पाणी तुंबलेल्या खाचरात तीच रासायनिक क्रिया पुन्हा घडते आणि आर्सेनिक मोकळे होते. भाताचे रोप आपल्या काडीच्या बळकटीसाठी मातीतील सिलिका ओढून घेते. आर्सेनिकाचे एक रूप सिलिकेसारखेच असल्यामुळे ते त्याच वाटेने मुळांत शिरते. इतर तृणधान्यांपेक्षा तांदळात आर्सेनिक अधिक का, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे. मासळीतही आर्सेनिक पुष्कळ असते, पण तेथे ते बव्हंशी निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असते. म्हणून आधुनिक मर्यादा एकूण आर्सेनिकाची नसून असेंद्रिय आर्सेनिकाची असते. कोडेक्स आयोगाने २०१४ मध्ये सडलेल्या तांदळासाठी किलोग्रॅममागे ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. अर्भकांच्या अन्नासाठी वापरावयाच्या तांदळास युरोपीय संघाने २०१६ पासून ०.१ मिलिग्रॅम ही अधिक कडक मर्यादा लागू केली.

हे आकडे व्यवहारात काय सांगतात? ज्याचे मुख्य अन्न भात आहे, असा मनुष्य दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ खातो असे धरू. कोडेक्सच्या मर्यादेवरील तांदळातून त्याच्या पोटात ०.०८ मिलिग्रॅम आर्सेनिक जाईल. पाण्याच्या मर्यादेच्या हिशेबाने हे आठ लिटर पाण्याइतके झाले. आठवड्यातून दोनदा भात खाणाऱ्याच्या दृष्टीने जी मर्यादा पुरेशी, ती दोन्ही वेळ भात खाणाऱ्याच्या दृष्टीने पुरेशी नाही. शिवाय कोडेक्सची मर्यादा मुख्यतः आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी आहे. स्वतःच्या शेतातील तांदूळ स्वतःच्या चुलीवर शिजविणारे कुटुंब कोणत्याच तपासनिसाच्या वाटेवर येत नाही. १९०३ च्या आयोगाने जबाबदारी खाणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे नेली. येथे खाणारा आणि पिकविणारा एकच असल्यामुळे ती फिरून त्याच्याच अंगावर येते.

६

यावरचे उपाय ज्ञात आहेत आणि ते पुष्कळसे साधे आहेत. खाचरात सतत पाणी न तुंबविता ते आळीपाळीने भरावे व सुकू द्यावे, म्हणजे आर्सेनिक कमी मोकळे होते. मात्र जमीन फार सुकल्यास कॅडमियम हा दुसरा घातक धातू पिकात वाढतो, म्हणून येथेही प्रमाण सांभाळावे लागते. शुद्ध पाण्यात तांदूळ अनेकदा धुऊन, सहापट पाण्यात शिजवून वरचे पाणी काढून टाकले, तर सुमारे निम्मे आर्सेनिक निघून जाते असे प्रयोगांत आढळले आहे. बंगालमध्ये 'फेन' टाकून देण्याची ही जुनी रीत आहे. मराठीतही तिच्यासाठी 'भात वेळणे' असे स्वतंत्र क्रियापद आहे. बंद भांड्यात मोजक्या पाण्यावर भात शिजू लागल्यापासून ते शब्दकोशात अधिक व स्वयंपाकघरात कमी आढळते. अर्थात वेळून टाकलेल्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. आणि शिजविण्याचे पाणीच दूषित असेल, तर भातातील विष उलट वाढते. सुरक्षित पाण्याची सोय हीच म्हणून आजही सर्व उपायांचा पाया ठरते.

या दीडशे वर्षांच्या इतिहासात एक क्रम सतत दिसून येतो. प्रथम रोगाचे खापर रोग्याच्या सवयीवर अथवा दैवावर फोडणारे नाव दूर व्हावे लागते. नंतर विष मोजता येईल अशी कसोटी हाती यावी लागते. आणि शेवटी त्या मापावरून कोणावर तरी कर्तव्य घालणारी मर्यादा ठरावी लागते. बंगालच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्या ओलांडल्या गेल्या आहेत. तिसरी अपुरी आहे, कारण तेथे दंड करण्याजोगा कारखानदार नाही. ते कर्तव्य कोणा विक्रेत्याचे नव्हे, तर पाणी, बियाणे व सिंचन यांची व्यवस्था पाहणाऱ्या शासनाचे आहे, हे मान्य झाल्यावाचून मर्यादेचा आकडा कितीही खाली आणला तरी ज्याच्या ताटात भात सर्वांत अधिक आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचणार नाही.